नऊ तास चाळीस मिनिटं

आपली लेक नेमकं काय काम करते, हे सारसोळ्याच्या जयदेवला कधी धड सांगता आलं नाही. "एअरपोर्टावर हाय," एवढंच म्हणायचा. मग शेजारची गोजराबाई विचारणारच, "म्हंजे विमानात चा देते का रं?" आणि हा जाळं उचलून खाडीकडे निघणार. अर्पिता ऑफिसात बसून विमानाचा प्रवास आखते, वाट कुठली, तास किती, इंधन किती, हे तिनं दहादा समजावलं होतं. पण बाबाच्या डोक्यात ते शिरेल तर शपथ!

आज मात्र तिच्या एकटीच्या सहीवर पहिलं विमान सुटलं होतं. मुंबईहून लंडनला, सकाळी सातच्या ठोक्याला. तिनं लिहून दिलं होतं, नऊ तास चाळीस मिनिटं.

दुपारी जेट्टीवर सगळे जाळी शिवत बसले होते. पुतण्या कल्पेशनं फोनमधून डोकं वर काढलं. "काका, सात हजार दोनशे किलोमीटर. येताना आठ तास चाळीस दाखवतंय. तेवढीच वाट, मग जायला तासभर जास्त कसा? अर्पिताचं गनित फसलं वाटतं."

सगळे फिदीफिदी हसले. जयदेवनं हातातली सुई खाली ठेवली. पहिल्याच सहीला पोर चुकली तर गावात तोंड कसं दाखवेल ती?

तेवढ्यात त्याची नजर खाडीवर गेली. ओहोटी जोरात होती. कान्हाची होडी उलट्या पाण्यात घरघरत कशीबशी आत येत होती. जाताना याच पाण्यावर वीस मिनिटांत गेला होता गडी.

"अरे येड्यांनो!" जयदेव उसळला. "उलट्या पान्याला येल जास्त लागतो, ह्ये मी सांगू तुमाला? वर वारा समोरून आला तं काय व्हईल?"

जन्म खाडीत गेला सगळ्यांचा, पण विमानाचं नाव निघालं की अक्कल गहाण! जयदेवला आठवलं, लहानग्या अर्पिताला होडीत पुढ्यात बसवून तो तिच्याकडून हेच घोकवून घ्यायचा, आधी पाणी बघ, मग वेळ सांग.

चार वाजले. सव्वाचार. साडेचारला कल्पेश ओरडला, "काका, लंडनवर घिरट्या घालतंय!" आता कुणी हसत नव्हतं. जाळी बाजूला पडली, सगळी डोकी त्या एवढ्याशा फोनवर.

चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी विमान उतरलं.

जेट्टीवर अशी आरोळी उठली की गोजराबाई माशांची पाटी टाकून धावत आली. जयदेवचे डोळे भरले होते. इतक्यात अर्पिताचा फोन आला. "बाबा, एका मिनिटानं चुकले."

"चुकली म्हने! मी चाळीस वर्सं होडी हाकतोय, माजं तं धा मिन्टं चुकतं, बाय."

"झालं काय एवढं?" गोजराबाईनं विचारलं. "काय केलं तुज्या लेकीनं?"

जयदेवनं पहिल्यांदाच छाती काढून उत्तर दिलं.

"मी खाडीत करतो तेच. पन आभालात."