आजारी पडायला तयार नसलेले उंदीर

माझ्या वयाच्या मुली देवाकडे नोकरी मागायच्या, नवरा मागायच्या. मी मागत होते, माझ्या उंदरांचे केस गळू देत. पीएच.डी. माणसाला या थराला नेते.

माझा विषय होता झिंक, म्हणजे साधं जस्त. अन्नातून ते मिळेनासं झालं की शरीरातली काही एन्झाइम कामात हात टेकतात. छातीत थायमस नावाची ग्रंथी असते, रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे तयार होतात, तीही आक्रसते. हे मला पांढऱ्या उंदरांत दाखवायचं होतं. एका गटाला पूर्ण आहार. दुसऱ्याला झिंक वगळलेला. तिसऱ्याला आहार पूर्ण, पण दुसरा गट खाईल तेवढाच, वजन करून. कारण झिंक नसलं की भूक मरते, आणि नुसत्या उपासमारीचं खापर झिंकच्या कमतरतेवर फुटायला नको.

पथ्यं तर विचारू नका. पिंजरे स्टीलचे, कारण साध्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि उंदीर तो चाटून आपली गरज भागवतात. बाटल्यांना रबरी बुचं नकोत, रबरातही झिंक असतं. पाणी इतकं शुद्ध, की आम्ही नळाचं पिणारी माणसं त्यांच्यापुढे अगदीच गरीब.

माझ्या मार्गदर्शक मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी कुणाला चहा पाजल्याचं विभागात कुणाला आठवत नव्हतं. उशिरा आलेल्याला त्या शांतपणे म्हणायच्या, "या. आपली वाट बघून उंदीर म्हातारे झाले." त्यामुळे गणपतीत त्या आपणहून म्हणाल्या, की गौरींसाठी घरी जाऊन ये, उंदरांचं मी बघते, तेव्हा मी आधी त्यांची तब्येत विचारली. मग त्यांचं मन बदलायच्या आत स्वारगेटला एसटी गाठली.

विसर्जन उरकून परत आले तर माझे आजारी उंदीर टुणटुणीत. तोंडाभोवतीच्या खपल्या वाळलेल्या, भूक परतलेली. शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन तपासलं, तर खाली यायला हवं होतं ते एन्झाइम चक्क वर. कुणाची तब्येत सुधारलेली पाहून मला इतकं रडू यापूर्वी कधी आलं नव्हतं.

मी बुचं तपासली, खाद्य तपासलं, पाणी तपासलं. शेवटी पिंजऱ्याच्या जाळीखालचे ट्रे उपसले. एका खाचेत बारीक पांढुरके दाणे अडकले होते. सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि लगेच ओळखले, कारण घरी नुकतीच तीच भाजून आले होते. खसखस. आमच्या विभागातही गणपती बसतो, आणि आरतीनंतर पंचखाद्याची खिरापत वाटतात. खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस. माणसाला चिमूटभर प्रसाद. उंदराच्या जिवाला तेवढ्या खसखशीतलं झिंक पुरून उरतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच मॅडमच्या खोलीत शिरले आणि म्हणाले, कुणी घातली ते शोधून काढा, नाहीतर मी काढते.

मॅडमनी चष्मा पुसला. "कुणाला शोधू नकोस. मी घातली."

त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "ज्याच्या पाठीवर बसून देव आला, तो सोडून सगळ्यांना खिरापत. आयुष्यभर हेच केलं. यंदा नाही जमलं."

तीही त्यांनी फक्त अर्धपोटी असलेल्या दोन गटांनाच दिली होती. पोटभर खाणाऱ्यांना नाही. तिथे मात्र शिस्त पाळलेली.

माझा राग जराही उतरला नाही. मुदत संपत आली होती. नवे उंदीर मिळाले नाहीत तर प्रबंध गेला, आणि ते मिळणार प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीकडून. अर्जात मी 'आहार दूषित झाला' असं गुळमुळीत लिहिलं. बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, कशाने झाला. मी घसा साफ करेपर्यंत मॅडम उठल्या.

"दूषित वगैरे काही नाही. मी खिरापत दिली. रोज, जाणूनबुजून. हिचा काही संबंध नाही."

कुणी हसलं नाही. मला नवे उंदीर मिळाले. मॅडमच्या हातून प्राणीगृह काढून घेतलं आणि निवृत्तीपर्यंत त्यांना तिथे पाऊल टाकायची बंदी झाली. त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि ट्रे वेळेवर धुवायला बजावून गेल्या. मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या खेपेला सगळं नियमाप्रमाणे झालं. केस गळले, तोंडाभोवती जखमा झाल्या, एन्झाइम खाली आलं, आणि शेवटी उंदीर मारून उघडले तेव्हा थायमस तर चिमट्यात धरवेना इतकी लहान. आलेख असा उतरला होता, की विभागातल्या पोरांनी माझ्याकडे पेढे मागितले.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या.

"पडले का आजारी?"

"हो मॅडम. सगळेच."

"छान," त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला. रिकामे पिंजरे धुवायला घेतले तेव्हा मनात आलं, पहिल्या खेपेच्या उंदरांना निदान चार दिवस तरी बरं वाटलं होतं.