चारठाण्यात मुकं झालेलं मशीन

मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी नुकतीच मानवतला आले होते. सासऱ्यांची कापसाची आडत होती, पण आमच्या ह्यांचं मन त्या धंद्यात काही रमलं नाही. हैदराबादला एका उस्तादाच्या हाताखाली राहून ते रेडिओ दुरुस्त करायला शिकले आणि परत येऊन आडतीच्याच एका कोपऱ्यात त्यांनी दुकान मांडलं. त्यांच्याजवळ एक ॲम्प्लिफायर होता. सगळे त्याला नुसतं ‘मशीन’ म्हणायचे. पत्र्याची पेटी, आत काचेचे चार-पाच व्हॉल्व्ह, आणि चालायला मोटारीची बॅटरी. लग्न असो की जत्रा, ते मशीन, माईक आणि भोंगा घेऊन हे निघायचे.

एकदा चारठाण्याहून बोलावणं आलं. महादेवाच्या देवळासमोर बायकांचं भजन होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या आजींचा निरोप होता : “भोंगा आणा, आन् पेटी वाजवणारी बाईच आणा. बाप्या नको.” माझ्या वडिलांनी मला हार्मोनियम शिकवली होती. सासूबाईंनीच सुचवलं, “हिलाच घेऊन जा की.” मला तर आकाश ठेंगणं झालं.

निघायच्या आदल्या दिवशी ह्यांना सडकून सर्दी झाली. दोन्ही कान गच्च बंद! मी समोरून बोलले तरी “काय? काय?” करायचे. तरी बसनं आणि पुढे बैलगाडीनं आम्ही पोचलो. रस्ता असा, की गाडीत मशीन मांडीवर घेतलं तरी दणके बसायचे राहिले नाहीत.

देवळासमोर लाकडी फळ्यांचं व्यासपीठ मांडलं होतं. ह्यांनी भोंगा लिंबाच्या झाडाला बांधला, तारा जोडल्या, मशीन फळ्यांवर ठेवून सुरू केलं. व्हॉल्व्ह तांबूस पेटले. आजी माईकसमोर बसून बोलल्या, तर भोंग्यातून नुसतं घूंऽऽ. शब्द एकही नाही. बाया जमलेल्या, सडा घातलेला, आणि मशीन मुकं.

ह्यांनी पेचकसानं स्क्रू काढून झाकण उघडलं. “शेवटून सुरुवातीकडं जायचं,” ते मला म्हणाले, स्वतःला ऐकू येत नसल्यानं जरा ओरडूनच. “भोंग्याजवळच्या व्हॉल्व्हला पेचकस लावतो. भोंग्यात खर्र आवाज आला तर तो चांगला. मग त्याच्या आधीचा. जिथं आवाज येणार न्हाई, तिथंच दुखणं.”

“पण तुमाला ऐकू कुठं यायलंय?”

“म्हणूनच तर! तू भोंग्याखाली जाऊन बस. आवाज आला की हात वर कर.”

मी झाडाखाली जाऊन बसले. त्यांनी पेचकस लावला, भोंगा खरखरला, माझा हात वर. त्याच्या आधीचा व्हॉल्व्ह, पुन्हा हात वर. सगळ्यात पहिल्या व्हॉल्व्हला लावला, तर काहीच नाही. मी मान हलवली. ह्यांनी तो व्हॉल्व्ह काढला, तिथं आपल्याजवळचा नवा घातला. तरी तसंच. त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात एक बाई समईत तेल घालायला व्यासपीठावर चढली. तिचं पाऊल पडलं आणि भोंग्यात बारीकसं ‘चट्’ झालं. दुसरं पाऊल, पुन्हा ‘चट्’. मी ताडकन उठले.

“अहो, फळी हलली की वाजायलंय!”

“काय?”

मी जाऊन त्यांच्या कानाशी ओरडले, “फळी हलली की वाजायलंय!”

आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पण ह्यांचे डोळे चमकले. “म्हणजे व्हॉल्व्ह चांगला हाय. एखादा जोड सैल झालाय.” त्यांनी लाकडी पळीचा दांडा मागवला आणि आत एकेका जोडावर हलकेच टकटक करू लागले. मी पुन्हा भोंग्याखाली. चट्... बारीक. चट्... बारीक. आणि मग एकदम ‘खटाक्!’ मी दोन्ही हात वर केले.

पहिल्या व्हॉल्व्हच्या बैठकीखाली कथलाचा एक डाग, म्हणजे तार जोडायचा टाका, होता. दिसायला अगदी चकचकीत, पण तार आत सुटलेली. डाग द्यायची तांब्याची सळई तापवायला निखारा हवा होता. प्रसादाचा भात रांधणारा आचारी पातेलं उतरवून म्हणाला, “तापवा की! भात काय पळून जातोय?” सळई तापली, कथील वितळलं, तार बसली.

“आता बोल,” हे म्हणाले.

मी माईकसमोर जाऊन बसले. मी म्हटलं, “आवाज यायलाय का?”

माझाच आवाज देवळाच्या दगडांवर जाऊन परत आला. आणि पार नाल्याच्या पलीकडून, जोंधळ्याच्या रानातून कुणीतरी बाप्या ओरडला, “यायलाय, यायलाय!” सगळं अंगण हसलं. आजींनी माईकला हात जोडले, मग मला म्हणाल्या, “बाई, सूर दे.” मी पेटी ओढली. सत्तरीच्या त्या आजींचा आवाज आधी थरथरला, मग असा मोकळा झाला की रानातली माणसं कामं सोडून बांधावरून चालत आली. टाळ वाजवणाऱ्या बायांना तर थांबावंसंच वाटेना. सूर्य कलला तरी भजन चालूच होतं, आणि त्या आचाऱ्यानं भात दुसऱ्यांदा गरम केला.

मानवतला आल्यावर ह्यांनी दुकानात आपल्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल ठेवलं. आडतीवर आलेले शेतकरी वाकून बघायचे. तिसऱ्या दिवशी सासरे त्यांना म्हणाले, “बसू द्या. हिचे कान चांगले हायेत.” आणि माझं शिक्षण सुरू झालं.

पहिला धडा उस्तादाचाच. “मशीन चालू असताना आत एकच हात घालायचा,” हे म्हणाले. “दुसरा खिशात. म्हणजे झटका छातीतून जात न्हाई.”

“लुगड्याला खिसा कुठाय?”

त्यांनी स्वतःचा हात खिशातून काढला. “मग कंबरेवर ठेव.”

पुढं वालूरच्या एका दुकानदाराचं मशीन मी एकटीनं दुरुस्त केलं, ते असंच, एक हात आत आणि एक कंबरेवर. मालक दारात उभा राहून बघत होता. जरा वेळानं तो ह्यांना हळूच म्हणाला, “वहिनी मशीनला लय रागवायल्यात.”