व्यवसायाचा रकाना

जर्मनीत डार्मश्टाटला डॉक्टरेट करत होतो तेव्हा मी गावाबाहेर, ट्रामच्या शेवटच्या स्टॉपजवळ एका वेगेत राहायचो. वेगे म्हणजे खोल्या आपापल्या, स्वयंपाकघर आणि बाथरूम सामायिक. माझ्या शेजारची खोली बरेच दिवस रिकामी होती. एका मार्चमध्ये तिथे बावीस-तेवीस वर्षांचा एक चिनी तरुण राहायला आला. सामानात एक बॅग होती आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक कीबोर्ड.

"विद्यापीठात कुठला विभाग?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"विद्यापीठ नाही. मी कॉम्प्युटर गेम खेळतो," तो म्हणाला. "तेच माझं काम आहे."

मला ते खरंच वाटेना. पण एका जर्मन टीमने त्याला वर्षाच्या करारावर बोलावलं होतं आणि दरमहा पगार मिळत होता. टीमचा मॅनेजर फ्रँकफर्टच्या एका बँकेत नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात टीम चालवायचा. खेळ दोघांनी समोरासमोर खेळायचा होता. नकाशावर आपापलं सैन्य उभं करायचं आणि समोरच्याचं संपवायचं.

सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. मी लॅबमध्ये धातूचे तुकडे वाकवून वाकवून ते कधी तुटतात याच्या नोंदी करत होतो, दोन वर्षांत एक धड निष्कर्ष हाती नव्हता, माझे प्रोफेसर दर भेटीत "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायचे. आणि हा घरात बसून खेळायचा पगार घेत होता. भिंतीपलीकडून सतत टकटक यायची. एका रविवारी मी वैतागून त्याचं दार ठोठावलं.

त्याने हेडफोन काढून मला आत घेतलं आणि खुर्ची दिली. आदल्या दिवशी हरलेला सामना तो पुन्हा बघत होता. एका जागी थांबवायचा, वहीत काहीतरी लिहायचा, मागे न्यायचा. "इथे मी दोन सेकंद उशीर केला," तो म्हणाला. "तिथेच हरलो. पुढची वीस मिनिटं उगाच." वही चिनी अक्षरांनी गच्च भरली होती. माझ्या लॅबच्या वहीपेक्षा ती नीट होती, हे मला त्या वेळीही टोचलं. त्यानंतर मी दार ठोठावलं नाही.

तो वुहानचा. वडील कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर. मुलगा इंटरनेट कॅफेत पडून असतो म्हणून त्यांनी एकदा सगळ्यांसमोर त्याला कॉलर धरून बाहेर काढलं होतं. करार मिळाल्यावर त्याने त्यांना फोन केला. ते म्हणाले, "परदेशात जुगारी पाठवला असं शेजाऱ्यांना सांगू का?" आणि फोन आईकडे दिला. हे तो मला बटाटे सोलता सोलता सांगत होता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

मे महिन्यात तो पॅरिसच्या एका मोठ्या स्पर्धेसाठी पात्र ठरला. त्याच सुमारास त्याच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत होती. त्याला जर्मन येत नव्हतं, मला बऱ्यापैकी येत होतं आणि त्याचा मला थोडा माजही होता. म्हणून फॉर्म मी भरला.

नाव, जन्मतारीख, पत्ता. मग व्यवसायाचा रकाना आला.

"काय लिहू?"

"प्रोफेशनल प्लेअर," तो म्हणाला.

मला लॅबमध्ये पोहोचायचं होतं. 'बेरुफ' म्हणजे व्यवसाय, 'श्पीलर' म्हणजे खेळणारा. मी दोन्ही जोडून लिहिलं, बेरुफ्सश्पीलर, आणि त्याची सही घेतली.

परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या ऑफिसात पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी तो रकाना वाचला, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "आहा" म्हणाल्या आणि शिक्का मारला. निर्णय होईपर्यंत इथे राहता येईल असा एक कागद दिला. पण त्या कागदावर देशाबाहेर जाता येत नव्हतं.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"चार आठवडे."

पॅरिसला सात होते. आम्ही खुशीत बाहेर पडलो.

पाचव्या आठवड्यात पत्र आलं. स्वयंपाकघरात तो माझ्यासमोर उभा होता आणि मी वाचत होतो. अर्जदाराच्या उदरनिर्वाहाचं साधन जुगार असल्याचं अर्जावरून दिसतं, तरी त्याबाबत खुलासा करावा. मी ते वाक्य तीनदा वाचलं.

"काय म्हणतायत?"

"आणखी कागद हवेत," मी म्हणालो. "नेहमीचंच."

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या एका जर्मन सहकाऱ्याला विचारलं. त्याला इतकं हसू आलं की हातातली कॉफी खाली ठेवावी लागली. "अरे, बेरुफ्सश्पीलर म्हणजे कॅसिनोत पोट भरणारा! तू त्याला पत्ते खेळायला बसवलंस." आपल्याकडे खेळाडू वेगळा आणि जुगारी वेगळा. जर्मनमध्येही ते वेगळेच होते, फक्त मी चुकीचा उचलला होता. विचारायला एक मिनिट लागलं असतं.

ऑफिसची टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, आठ दिवसांनंतरची मिळाली. आम्ही दोघं गेलो. फॉर्मबद्दल मी बाईंना जर्मनमध्ये घाईघाईने सांगून टाकलं, की शब्द चुकलाय, जुगार नाही. शेजारी बसलेल्या त्याला त्यातलं काही कळलं नाही, आणि मला ते सोयीचं होतं.

"आल्झो, मग हे करतात काय?" बाईंनी विचारलं.

"कॉम्प्युटरवर खेळतात. स्पर्धा. हा करार."

"म्हणजे खेळाडू?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

"खेळाडू असतील तर संघटना असते. यांची संघटना कुठली?"

तो मला विचारत होता, काय म्हणतायत. मी सांगितलं. तो खुर्चीत पुढे सरकला. "त्यांना विचार, बुद्धिबळ खेळणारेही बसूनच खेळतात ना?"

"बुद्धिबळाची संघटना आहे," बाई म्हणाल्या. मग त्या जरा हसल्या. "माझा मुलगाही दिवसभर हेच करतो. त्याला कुणी पगार देत नाही."

त्या हसल्या म्हणून तोही आदराने हसला. ते वाक्य मी त्याला सांगितलं नाही. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी फाईलवर दुरुस्ती केली, पण आता ती दुसऱ्या विभागाकडे जायला हवी होती. पॅरिसला सहा दिवस राहिले होते.

ते सहा दिवस मी रोज फोन करत होतो. कुणी सुट्टीवर, कुणी मीटिंगमध्ये, कुणी म्हणायचं लेखी कळवा. टीमच्या मॅनेजरचाही फोन आला. "एवढा वेळ का लागतोय? फॉर्ममध्ये काही चुकलं होतं का?"

"फॉर्म बरोबर होता," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी सामने सुरू झाले. त्याच्या जागी टीमने दुसरा खेळाडू पाठवला होता, तो पहिल्याच फेरीत हरला. तरी हा खुर्चीवरून उठला नाही. अडखळत येणारं इंटरनेटचं प्रक्षेपण संध्याकाळपर्यंत बघत राहिला. अंतिम सामन्यातला एक जण त्याच्या चांगल्या ओळखीचा होता, सरावात त्याच्याशी रोज खेळणारा. "आता डावीकडून येईल," तो म्हणायचा आणि तो डावीकडूनच यायचा. "आता माघार." माघार व्हायची. तो माणूस जिंकला. याने स्क्रीन बंद केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

मला ते सहन होईना. मी सगळं सांगितलं. शब्द, पत्र, मॅनेजरशी बोललेलं खोटं. माफीही मागितली.

त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "पत्र आलं तेव्हाच तुला माहीत होतं?"

"हो."

"पंधरा दिवस?"

"हो."

"मी स्वतः गेलो असतो. कुणी चिनी-जर्मन येणारा शोधला असता. रोज जाऊन बसलो असतो तिथे." आवाज चढला नव्हता, पण इंग्रजी शब्द त्याला सापडेनासे झाले होते. मग तो म्हणाला, "माझे वडीलही मला तेच म्हणतात, जे तू लिहिलंस." आणि मला खोलीबाहेर जायला सांगितलं.

परवाना पुढच्या गुरुवारी आला. सहीशिक्क्यासकट, पूर्ण वर्षाचा. तो टेबलावर पडून राहिला. टीमने वर्षाचा करार ऑगस्टमध्येच संपवला. मॅनेजरने फोनवर सांगितलं की हा चांगला खेळतो, पण वेळेवर हजर राहू न शकणारा माणूस आम्हाला परवडत नाही. मी त्याला खरं सांगितलं, अर्धा तास सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "ते तुम्ही जूनमध्ये सांगायला हवं होतं."

दोन महिने आम्ही एकाच स्वयंपाकघरात, वेगवेगळ्या वेळी जेवलो. जायच्या दिवशी मी त्याची बॅग उचलायला गेलो तर त्याने नको म्हटलं नाही, एवढंच. विमानतळाकडे जाणाऱ्या एस-बान लोकलमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. विमानतळावर त्याने हात पुढे केला. मी माफी मागायला लागलो. "ती तू मागितली आहेस," तो म्हणाला आणि रांगेत उभा राहिला.

तिकडे तो आणखी दोन-तीन वर्षं खेळला. मग मनगट कामातून गेलं. आता शांघायच्या एका टीममध्ये शिकवतो, असा एक मेल मला त्यानंतर आला, तेव्हा मी जर्मनीतच, गेर्लिंगेनला नोकरीला लागलो होतो. मेल सहा ओळींचा होता. लग्न झालंय, वडील आता बोलतात, पण कामाचा विषय काढत नाहीत, तुझं संशोधन संपलं का. पॅरिसला खेळला असता तर काय झालं असतं, याबद्दल एक शब्द नव्हता. तो जिंकलाच असता असं मी म्हणत नाही. कदाचित दुसऱ्या फेरीत हरला असता. पण ते हरणं तरी त्याचं असतं.

मी उत्तरात लिहिलं की संशोधन संपलं, बायको पुण्याहून आली, इथे बर्फ पडतोय. आणखी काही लिहायचा प्रयत्न केला, दोनदा खोडलं, आणि तेवढंच पाठवलं.