भिंतीवरचे दोन चौकोन

ताज्या रंगाचा वास एरवी मला आवडतो. आज सकाळी मात्र तो नकोसा झाला. राजाजीनगरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत पेंटरने निवडीसाठी भिंतीवर दोन चौकोन रंगवले होते. एक सायीचा, दुसरा किंचित पिवळसर. असं मुलगी म्हणाली. मी दोनदा चष्मा पुसला. मला दोन्ही एकच दिसत होते.

वडील शिंपी होते. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या या गावात कापड रंगवण्यात नि शिवण्यात गेल्या, त्यामुळे रंगाची पारख आम्हाला उपजतच असते, अशी घरात उगाच एक ऐट होती. दोरा जुळवायचा तर वडील कापड घेऊन दुकानाच्या उंबऱ्यावर जात. दिव्याच्या उजेडावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. रिळाचं टोक कापडावर टाकत, मान तिरकी करत आणि ‘सरी’, म्हणजे ठीक, म्हणून मशीनवर परतत. मग एकदा एका बाईंनी मोतिया रंगाचा ब्लाउज परत आणला. त्यावर पिवळी शिवण उठून दिसत होती. वडील उजेडाला नावं ठेवत राहिले. त्यानंतर ते उंबऱ्यावर जास्त वेळ उभे राहू लागले, आणि आई गुपचूप रिळं निवडून त्यांच्या हाताशी ठेवू लागली. आम्ही सगळे ते पाहत होतो, बोललं कोणीच नाही. काचबिंदू आहे हे कळेपर्यंत एक डोळा पुरता गेला होता. हा आजार घराण्यात उतरतो, मुलांनीही डोळे तपासून घेत राहावं, असं डॉक्टरांनी तेव्हा मला बजावलं होतं. मी एकदाही गेलो नाही. भ्यायलो, दुसरं काय.

मुलगी दारात आली. “अप्पा, कुठला? पेंटर अण्णा थांबलेत.”

डावा म्हणून मोकळं होता आलं असतं. उजेड कमी आहे, हेही ओठांवर होतं. पण ते वडिलांचं वाक्य होतं.

“मला फरक दिसत नाही गं.”

ती हसली नाही. लहानपणी आजोबांना हाताला धरून रस्ता ओलांडून द्यायची ती. पेंटरला उद्या यायला सांगून तिने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला माझ्या चपला पुढे केल्या. दुकान नाही, हातातली कला नाही, वडिलांचं नेमकं हे दुखणंच माझ्यापर्यंत पोचलं असेल का, या भीतीने पाऊल उचलेना. उंबऱ्यावर मी जरा थांबलो. बाहेर उजेड भरपूर होता.