मंडईचा मुराळी

आमच्या सानगडीकडे दिवाळी सरली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. दुकानं, पाळणे, पाहुण्यांचा गोंधळ. त्या दिवशी सासरी गेलेली लेक माहेरी हवीच. आणि लेक आपली आपण येत नसते; माहेरचा कोणीतरी तिला आणायला जातो, तो मुराळी. बाबा होते तोवर तेच जायचे. ते वारल्यावर मायच म्हणाली, "आता घरोघरी फोन हायेत. कायचा मुराळी!"

मग दरवर्षी फोन व्हायचा. बाई, म्हणजे माझी मोठी बहीण, "पायतो" म्हणायची आणि यायची नाही. मुंबईजवळ राहून हिला शिंगं फुटली, असं आम्ही घरात बोलायचो. मी तर चांगलाच फुगून बसलो होतो.

यंदा मायनं अंथरूण धरलं. "एकदा तिले डोळ्यानं पाहू दे," म्हणाली, तेव्हा कुठे मी खोपोलीला निघालो. घाटाच्या पायथ्याशी वसलेलं लहानसं शहर. जिकडे मान वळवावी तिकडे डोंगर. लोक हौसेनं पाहायला येतात म्हणे. धानाच्या सपाट बांध्या पाहत वाढलेल्या माझा मात्र तिथे जीव घुसमटला. बाईनं इथे इतकी वर्षं कशी काढली असतील?

मला दारात पाहून ती हसली, आणि लगेच रडली. आत भाऊजी खाटेवर पडून होते. पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायू झाला होता. आम्हाला पत्ताच नव्हता.

"मंडई हाय. तुले न्यायले आलो," मी कसंबसं म्हणालो.

"आता आला?" बाई म्हणाली. "बाबा गेल्यापासून दर मंडईले बॅग भरून ठेवत होतो मी. वाटे, कोणी तरी येईल."

"फोन तं करत होतो न."

"फोन तं दुकानदारबी करते रे. न्यायले कोणी आलं नाही, तं कोणत्या तोंडानं येऊ?"

भाऊजींना कुशीवर वळवायलाही तीच लागत होती. ती येऊ शकेल का, हे विचारायची गरजच उरली नाही. आम्ही तिच्यावर रुसलो, ती आमच्यावर, आणि मधल्या मधे माय वाट पाहत राहिली. फार वाईट वाटलं.

दुपारी मायचा फोन आला. "निघाली का बाई?"

बाईनं माझ्या हातातून फोन घेतला.

"माय, मुराळी आला वं," ती म्हणाली. "पन आता मलेच येता येत नाही."