बोदलकशाच्या पाण्यातला हात

वंदनाताई गजभिये यांच्याशी माझी पहिली ओळख माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात झाली. तिरोड्याच्या त्या मांडवात मी लाउडस्पीकर सांभाळत होतो आणि ताई व्हिडिओ काढत होत्या. पुढे घरची मंडळी तो व्हिडिओ पाहायला बसली. नवरी बाहेर येण्याआधी ताईंनी नुसते बंद दार दाखवले होते. दार काही केल्या उघडेना. बहीण आमच्यातच बसून शेंगदाणे खात होती, तरी आईचा जीव खालीवर झाला. "काऊन येऊन नाही राहिली वं?" असे ती त्या बहिणीलाच विचारू लागली. या बाईंबरोबर काम करायचे, हे मी तिथेच ठरवले.

ताई थरारपटांकडे वळल्या तेव्हा आवाजाचे काम माझ्याकडे आले. मला ट्रेलरचा ठरलेला मसाला आवडतो. काळा पडदा, धडधडणारे काळीज, करकरणारे दार आणि मग एकदम धाडकन आवाज. ताई माझे धाडकन पुसून टाकत आणि तिथे शांतता ठेवत. माझा पारा चढे. दचकलेला माणूस लगेच हसतो, वाट पाहणारा हसत नाही, असे त्यांचे म्हणणे. पहिला संशय घरच्या गड्यावर किंवा लंगड्या चौकीदारावर टाकणारी पटकथा कोणी आणली, की त्या ती न बोलता परत करत. त्यांचे वडील मजुरी करायचे आणि गावात काही हरवले की लोक आधी त्यांच्याच दाराशी यायचे, हे त्यांनी मला एकदाच सांगितले.

माझ्या पत्नीची शस्त्रक्रिया गोंदियाला झाली तेव्हा ताई दिवसभर माझ्याजवळ बाकावर बसून होत्या. धीराचे चार शब्दही त्यांनी काढले नाहीत. नुसत्या बसून राहिल्या, आणि मला तेच हवे होते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या नव्या चित्रपटाचा ट्रेलर आला. त्याचे शेवटचे दृश्य तिरोड्याजवळच्या बोदलकशाच्या जलाशयातले होते. धुक्यात डोंगा, म्हणजे लहानशी होडी, जाळे ओढणारे मनिरामभाऊ आणि जाळ्यात एका बाईचा हात, मनगटावर गोंदलेले फूल. मनिरामभाऊ तिथलेच मासेमार, डोंगाही त्यांचाच. रबराचा हात खोटा दिसतो म्हणून ताई स्वतः त्या गार पाण्यात उतरल्या होत्या. चित्रपटाचे सारे गुपित त्याच हातात होते. मेली म्हणून जिला सगळे शोधतात, ती बाई शेवटी जिवंत निघते.

कोणीतरी तेवढेच दृश्य कापून, चित्रपटाचे नाव काढून मोबाइलवर फिरवले. बोदलकशात मुर्दा सापडला, अशी बोंब उठली. बाजारात मासळीला कोणी हात लावेना. आम्ही खुलासा टाकला, तर लोकांना वाटले की प्रकरण दाबले जात आहे. थरारपटात खुलासा नेहमी खोटाच असतो ना!

मनिरामभाऊ आपल्या माणसांना घेऊन स्टुडिओत आले. कोणी बसले नाही. कोणी आवाजही चढवला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

"ताई, मासोरी कोणी घेऊनच नाही राहिला," मनिरामभाऊ म्हणाले. "पोराइले काय खाऊ घालावं आमी?"

प्रदर्शन तोंडावर होते. दोन वर्षे आम्ही शेवट घरच्यांनाही सांगितला नव्हता. तो फुटला तर चित्रपट संपला, असे आमच्यातल्या एकाने ताईंना बाजूला घेऊन सांगितले. ताईंनी ऐकून घेतले आणि मनिरामभाऊंना विचारले की उद्याच्या बाजारात ते टोपली कुठे मांडणार आहेत.

दुसऱ्या दिवशी ताई त्या टोपलीजवळ उभ्या राहिल्या. त्यांनी बाही वर सारली आणि हात उंच धरला. "हा पाहा तो हात. गोंदन पाहून घ्या. पाण्यात मीच होती आणि मी जिती आहो. शिनेमातली बाईबी शेवटी जितीच निघते."

झाले, गुपित गेले. पण गर्दी जागची हलली नाही. सगळे नुसते पाहत होते. ताईंनी रचलेल्या कोणत्याही दृश्यात इतकी लांब शांतता मी ऐकलेली नाही. मनिरामभाऊंचे हात टोपलीच्या काठावर आवळले होते. ताईंनी हात खाली घेतला नाही.

शेवटी एक म्हातारी पुढे आली. तिने ताईंचे मनगट धरले, अंगठ्याने ते फूल चोळून पाहिले. "इतक्या थंडीत पाण्यात कायले गेली होती वं पोरी?" असे दटावून ती मनिरामभाऊंकडे वळली. "दे रे, अर्धा किलो दे."

मग टोपलीभोवती माणसे जमली. मनिरामभाऊ तोलता तोलता डोळे पुसत होते. मीही पुसले.

चित्रपट लागला तेव्हा शेवट साऱ्या तिरोड्याला ठाऊक होता. मी मागे उभा होतो, आता लोक हसतील या धास्तीने. पडद्यावर तो हात पाण्यातून वर आला आणि निश्चल राहिला. आवाज काहीच नव्हता. सभागृहात कोणी खोकलेदेखील नाही. बोट हलले तेव्हा पुढच्या रांगेतून मनिरामभाऊंचा सुस्कारा मला मागे ऐकू आला, आणि जाळे तर त्यांनीच ओढले होते.

ताई, तुमची साठी झाली. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो आणि तुमच्या त्या बंद दारांपुढे आम्हाला अजून खूप वर्षे ताटकळत राहता येवो. फक्त बोदलकशाच्या गार पाण्यात आता उतरू नका. पुढच्या वेळी हात माझा घ्या.