भुवईवरचा कापूस

आमच्या पांढुर्ण्याच्या गल्लीत खोकल्या-दम्याची चौकशी करत एक माणूस आला. तोंडानं गोड, पण बोलता बोलता नजर घरभर फिरायची. ह्यांच्या जिनिंगच्या मालकानं तर नाही पाठवला? चूल पेटवता का, रस्त्याची धूळ येते का, असं विचारून झाल्यावर तो ह्यांना म्हणाला, "अन् काम काय करून राहिले भाऊ?"

हे कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्येच आहेत. पण खोकल्याचं मालकाच्या कानावर गेलं तर काम जायचं. "संत्र्याची बाग राखतो," हे खोकत म्हणाले.

त्याने ह्यांच्या भुवईला चिकटलेला कापूस अलगद चिमटीत धरला. "संत्र्याले कवापासून कापूस लागून राहिला?"

हसला नाही. तो कापूस कागदात गुंडाळून त्याने खिशात घातला अन् गेला. मालकाला दाखवायला की डॉक्टरला, ते मला अजून कळलं नाही.